हॉस्टेलच्या मुली, परीक्षेचा ताण आणि काशाची वाटी

दवबिंदू

मी पुण्यात मुलींच्या एका वसतिगृहात रेक्टर आहे. बारा वर्षं झाली. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग अशा सगळ्या शाखांच्या मुली आमच्याकडे असतात. बहुतेक मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या.

गेल्या नोव्हेंबरात एम-थ्रीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या, पेपरच्या आदल्या रात्री साडेबाराच्या सुमारास दार वाजलं. सेकंड इयरची मुलगी. "काकू, डोकं दुखतंय, गोळी आहे का?" मी औषधांची वही ठेवते. त्या आठवड्यातली तिची ही चौथी गोळी होती. खांदे कानांपर्यंत वर ओढलेले, जबडा घट्ट आवळलेला. म्हटलं, गोळी नंतर बघू, आधी बस.

कपाटात सासूबाईंची काशाची वाटी आहे. पळीत तिळाचं तेल कोमट केलं आणि तिचा पाय मांडीवर घ्यायला गेले, तर तिने झटकन मागे ओढला. "काकू, तुम्ही माझ्या पायाला हात नका लावू. मला पाप लागेल." मी म्हटलं, अगं, लेकराच्या आणि बाळंतिणीच्या पायाला हात लावताना कुणी वय बघतं का? मग तिने पाय दिला, पण पहिली दोन-तीन मिनिटं हात जोडूनच बसली होती.

एकेका पायाला दहा मिनिटं वाटी फिरवली. दुसऱ्या पायाच्या वेळी ती रडायला लागली. मी काही विचारलं नाही, वाटी फिरवत राहिले. मग तीच म्हणाली, "जुलैत आईने एसटीत बसवताना डोक्यावरून हात फिरवला होता. त्यानंतर मला कुणी हातच लावलेला नाही काकू."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. शेकडो किलोमीटरवरून आलेली ही पोरं. घरी येता-जाता कुणी केस ओढतं, कुणी पाठीत धपाटा घालतं, आजी तेल लावते. इथे चार-पाच महिने काहीच नाही. या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता.

तो पेपर तिचा राहिला. पण त्या रात्री ती झोपली आणि उरलेले पेपर तिने दिले. त्याआधी सगळं सोडून गावी जायचं म्हणत होती.

आता इथे चर्चेचा धागा काढण्याचं कारण. एका गृहस्थांनी आमच्या समितीकडे दोन दिवसांच्या शिबिराचा प्रस्ताव दिला आहे. मालिश, अॅक्युप्रेशर, रेकी (हातांनी 'ऊर्जा' देण्याची जपानी पद्धत), 'ऊर्जा संतुलन', सगळं एकत्र. मुलीमागे १,८०० रुपये. पत्रकात लिहिलंय की स्मरणशक्ती दुप्पट होईल आणि नैराश्य मुळापासून जाईल. समितीने माझं मत मागितलंय. स्पर्शाचा गुण मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून सरळ नाही म्हणवत नाही. आणि पत्रक वाचून हो म्हणवत नाही.

यातलं खरं काय, पोकळ काय, धोक्याचं काय? जाणकारांनी आणि विद्यार्थ्यांनीही मोकळेपणाने लिहावं.

चौथं_सेम

काकू, मी मुलगा आहे, फ्लॅटवर राहतो, पण ते जुलैचं वाक्य वाचून थांबलो. आमच्यात तर मिठी वगैरे प्रकारच नाही. क्रिकेटमध्ये विकेट पडली तर काय तेवढं. सबमिशनच्या आठवड्यात मी न्हाव्याकडे जातो. केस वाढलेले नसतात, पण तो दाढीनंतर डोकं आणि मान चोळून देतो. चाळीस रुपये जास्त घेतो. तेवढी दहा मिनिटं डोकं शांत असतं. शेवटी मान दोन्हीकडे कडकन मोडतो, तेव्हा एकदम हलकं वाटतं.

फिजिओ_नाशिक

चौथं_सेम, आधी तुम्हालाच सांगते: मान मोडून घेणं आजपासून बंद. डोकं चोळू द्या, खांदे दाबू द्या, पण झटका देऊ देऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. जोरात पिळल्यावर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येऊ शकतो. क्वचित घडतं, पण तरुणांनाही घडतं. कडकन आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्यामुळे. हाड जागेवर बसलं असा त्याचा अर्थ नाही.

दवबिंदूताई, तुम्ही जे केलंत ते छान केलंत. आता थोडं शरीराच्या बाजूने. परीक्षेच्या काळात माझ्याकडे येणारी मुलं एकाच साच्यातली असतात. पलंगावर मांडी घालून, लॅपटॉप मांडीवर, हनुवटी पुढे. कवटीच्या तळाशी, मानेच्या वरच्या टोकाला, बोटाएवढे छोटे स्नायू आहेत. ते तासन् तास आखडले की दुखणं मागून वर चढत कपाळापर्यंत येतं. मुलं त्याला 'अॅसिडिटीचं डोकं' म्हणतात. ताणात जबडा आवळला जातो, श्वास वरवरचा होतो, खांदे वर जातात. या सगळ्यावर हाताने काम करता येतं आणि बरंचसं स्वतःचं स्वतःला करता येतं.

दोन टेनिसबॉल एका मोज्यात घाला, गाठ मारा. चटईवर उताणं झोपा. मोजा मानेखाली असा ठेवा की कणा दोन चेंडूंच्या मधल्या खाचेत येईल आणि चेंडू कवटीच्या कडेला खालून टेकतील. डोक्याचं वजन सोडून द्या. पाच मिनिटं. हलायचं नाही, दाबायचं नाही. डोकं जड असतं, तेवढा दाब पुरतो. पाठीसाठी एक चेंडू भिंत आणि खांद्याचं पातं यांच्यामध्ये धरून हळू सरकायचं. मणक्यावर चेंडू ठेवायचा नाही.

हाताला मुंग्या, बोटांत अशक्तपणा, तापाबरोबर मान ताठ, अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, किंवा एकाच पोटरीला सूज आणि ठणका, यातलं काही असेल तर कुणीही मालिश करू नये. डॉक्टर गाठावा.

तांबडीमाती

आमच्या कोल्हापुरात ही गोष्ट शिबिर लावून शिकवायला लागत नाही. मी शिवाजी विद्यापीठात एम.ए. करताना तालमीतच राहायला होतो. मेहनत झाली की पोरं एकमेकांना रगडत्यात. आधी थोरल्यानं धाकट्याला रगडायचं, मग धाकट्यानं थोरल्याला. वस्ताद म्हणायचे, हात काळजाकडं चालवा, घाई करू नका, आणि रगडताना बोलू नका.

परीक्षा जवळ आली की माझी झोप उडायची. वस्तादांनी ते बघितलेलं. एकदा रात्री त्यांनी स्वतः माझी पाठ धरली. साठीचा माणूस, हात लाकडासारखं. पण पाठीवर ते हात असे काही फिरले की मी तिथंच मातीच्या कडेला झोपलो. सकाळी अंगावर घोंगडं होतं.

मुद्दा काय, तर तिथं कुणी कुणाला 'थेरपी' देत नव्हतं. आज मी केलं, उद्या तू करशील. पैशाचा व्यवहार नव्हता आणि लाजही वाटत नव्हती. हॉस्टेलला हे जमवता आलं तर बघा.

रसायनी

काशाच्या वाटीबद्दल. पाय घासल्यावर तळवे आणि वाटी काळपट होतात, आणि 'बघा, अंगातली उष्णता निघाली', 'विषारी द्रव्यं निघाली' असं सांगतात. काशाची थाळी फिरवणारी मशिनं घेऊन बसलेले लोक तर नेमकं हेच दाखवून पैसे घेतात. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. तेलातली आम्लं आणि घाम यांची तांब्याशी क्रिया होते, शिवाय घर्षणाने धातूचे बारीक कण सुटतात. त्याचा तो काळा-हिरवट रंग. तेलाच्या चिंधीने वाटी नुसती घासून बघा, चिंधीही काळी होईल. चिंधीत उष्णता कुठली आली?

पण म्हणून वाटी टाकून देऊ नका. गुळगुळीत आहे, हातात बसते, जड आहे, तळव्याच्या खोलगट भागात बरोबर फिरते. आजीच्या हातून मी खूपदा करून घेतलंय. काळा रंग जास्त आला म्हणजे दुखणं जास्त, एवढं मात्र मुलींना सांगू नका. आधीच घाबरलेल्या असतात.

शंकासुर

दवबिंदू, पत्रकातले दावे एकेक करून बघू.

मालिश: अमेरिकेत २००४ मध्ये ३७ अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. एका मालिशीने त्या वेळची चिंता कमी होते, नाडी आणि रक्तदाब थोडा उतरतो. अनेक वेळा मालिश घेणाऱ्यांत एकूणच चिंताळूपणा आणि उदासपणा बऱ्यापैकी कमी झालेला दिसला. मात्र 'मालिशीने कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) धाडकन उतरतं' असं जे सगळीकडे छापतात, त्याला त्या आकड्यांत आधार मिळाला नाही. पुढे फक्त कॉर्टिसॉलवर झालेल्या आढाव्यातही परिणाम अगदी किरकोळ निघाला. म्हणजे बरं वाटतं हे खरं, त्याचं जे कारण सांगतात ते कच्चं.

ऊर्जा: अमेरिकेतल्या एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी एक साधा प्रयोग केला होता. अंगाला हात न लावता 'ऊर्जाक्षेत्र' जाणवतं असं म्हणणारे २१ उपचारक घेतले. मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, त्यातून उपचारकाने दोन्ही हात बाहेर काढायचे, एमिली त्यातल्या एका हातावर आपला हात धरणार, तो कुठल्या हातावर आहे ते सांगायचं. २८० प्रयत्नांत १२३ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ते छापून आलं.

स्मरणशक्ती दुप्पट: हे लिहिणाऱ्याला मी मुलींच्या जवळपास फिरकू देणार नाही.

साधी_रेकी

मी रेकी देते, एकोणीस वर्षं. पैसे घेत नाही. शंकासुर यांनी सांगितलेला प्रयोग मला माहीत आहे. तो 'थेरप्युटिक टच' या पद्धतीवर होता, रेकीवर नव्हता. पण मूळ प्रश्न दोन्हींना सारखाच लागू आहे हे मी मान्य करते. मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास जपानमध्ये हे सुरू केलं, तेव्हा त्यांना काय जाणवलं असेल ते मला यंत्राने मोजून दाखवता येणार नाही.

मला जे ठाऊक आहे ते एवढंच: समोरचा माणूस पाऊण तास शांत पडून राहतो, फोन बाजूला असतो, कुणीतरी पूर्ण लक्ष देऊन त्याच्या जवळ बसलेलं असतं. शहरात एकट्या राहणाऱ्या मुलांना असा पाऊण तास कुठे मिळतो? माझ्याकडे एक सी.ए.ची विद्यार्थिनी यायची. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, मला दोन आठवडे झोप नाही आणि जगावंसं वाटत नाही. मी हात बाजूला घेतले, तिच्या मावशीला फोन लावला आणि त्याच संध्याकाळी तिघी मिळून मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. औषधं सुरू झाली. आता ती बरी आहे.

म्हणून माझंही मत शिबिराच्या विरोधात आहे. नैराश्य मुळापासून घालवतो म्हणणारा माणूस त्या मुलीला दोन महिने स्वतःकडेच ठेवून घेईल. मला त्याचीच धास्ती आहे.

दवबिंदू

साधी_रेकी, तुमच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. नेमकी हीच भीती मला शब्दांत मांडता येत नव्हती.

सगळ्यांनाच विचारते: मुलीला तेल लावून देणं पुरे आहे की पुढे न्यायला हवं, हे आमच्यासारख्या साध्या माणसाने कसं ओळखायचं?

फिजिओ_नाशिक

ताई, मी मानसोपचारवाली नाही, पण आमच्याकडे वापरतात ती ढोबळ खूण सांगते. ताण असलेली मुलगी पेपर झाल्यावर मोकळी होते. पेपर होऊन दोन आठवडे झाले तरी जेवण, झोप, अंघोळ, मैत्रिणी यातलं काही रुळावर येत नसेल, तर तो निव्वळ परीक्षेचा ताण राहिला नाही. आणि मरणाची भाषा एकदाही निघाली, तर वाट बघायची नाही, एकटं सोडायचं नाही. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलींच्या खोल्यांच्या दारामागे चिकटवा. नोटीसबोर्डासमोर उभं राहून नंबर उतरवून घ्यायला पोरी लाजतात.

शंकासुर

यात एक भर. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. ज्या समितीकडे शिबिराला पैसे आहेत, तिला हा प्रश्न लेखी विचारा.

वैद्य_विदर्भ

आयुर्वेदाचं नाव कुठल्याही पत्रकात घातलं जातं, म्हणून लिहितोय. रोज तेल लावावं असं दिनचर्येत आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट सांगतात, आणि त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष. म्हणजे दवबिंदूताईंच्या सासूबाईंची वाटी अगदी योग्य जागी फिरली. पण त्याच ठिकाणी पुढे लिहिलंय की कफ झालेल्याने, अजीर्ण असलेल्याने आणि नुकतंच शोधन (वमन, विरेचन अशी शरीरशुद्धी) झालेल्याने अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणं, करू नये. सर्दी-खोकला असताना किंवा मेसमध्ये जड जेवून लगेच तेल लावू नका.

शिरोधारेबद्दल मुलं फार विचारतात. कपाळावर तेलाची किंवा ताकाची संथ धार, अर्धा-पाऊण तास. झोप न लागणाऱ्यांना आराम पडतो असा माझा अनुभव आहे. पण ती एकदा घेऊन भागत नाही, वैद्याने तपासून द्यायची असते, आणि उद्या पेपर आहे म्हणून आज धारा असा तिचा उपयोग नाही. स्पा-मध्ये हजारो रुपये घालवण्यापेक्षा वरळीचं पोदार, नागपूर, नांदेड अशा शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा. केसपेपर काढून तपासतात.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत मास्टर्स करतोय. पहिल्या हिवाळ्यात डाव्या खांद्यापासून मान असं दुखायला लागलं की उशीवर डोकं ठेवता येईना. हाउसआर्ट्झने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, फिजिओची चिठ्ठी दिली. विद्यार्थ्यांच्या सरकारी विम्यात ते बसतं. आपल्याला दहा टक्के आणि वर चिठ्ठीमागे दहा युरो भरावे लागतात. सहा वेळा गेलो.

तिथली बाई पहिल्या दिवशी हात लावण्याआधी म्हणाली, "मी आता खांद्याला हात लावणार आहे, चालेल का? नको वाटलं तर कुठल्याही क्षणी थांब म्हण." मला फार बरं वाटलं. आपल्याकडे मला असं आधी कुणी कधी विचारलं नव्हतं. अंग दाखवायलाही मी संकोचत होतो, पण या दोन वाक्यांनी संकोच गेला. काकू, तुमच्याकडे जे काही सुरू कराल त्यात हे विचारणं नक्की ठेवा.

आणि हो, सहाव्या वेळेनंतर तिनेच विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राचा पत्ता दिला. खांदा वर का ओढला जातोय, ते तिथे कळलं. थीसिस आणि घरच्या कर्जाचे हप्ते.

गोधडी

ऱ्हाइनकाठ यांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. नको असलेला स्पर्श ही बाजू या धाग्यात यायलाच हवी.

मी एकोणीस वर्षांची असताना पाठदुखीसाठी घरच्यांनी एका 'नामवंत' अॅक्युप्रेशरवाल्याकडे पाठवलं होतं. दार लावून घेतलं. आईला बाहेर बसवलं. हात जिथे जायला नको तिथे गेला आणि मला वाटलं, उपचार असाच असेल. हे कळायला आणि बोलायला मला आठ वर्षं लागली. आजही पाठीमागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर मी दचकते.

म्हणून काकू, प्रत्येक मुलीला स्पर्श हवाच असेल असं धरून चालू नका. काहींना तो नको असतो आणि कारण त्या सांगणार नाहीत. त्यांनाही करता येईल असं काहीतरी असू द्या. बाहेरचा कुणी येणार असेल तर बाईच हवी, दार उघडं, सोबत मैत्रीण, अंगावर पूर्ण कपडे. आणि नोंदणी विचारायची. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची परिषद आहे, अॅक्युपंक्चरसाठीही कायदा आणि परिषद आहे. 'तसं सर्टिफिकेट नाही, गुरुकृपेने येतं' असं उत्तर आलं तर दारातूनच नमस्कार.

दवबिंदू

गोधडी, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू? मी दोनदा वाचलं. त्या रात्री त्या मुलीने पाय मागे घेतला तेव्हा मी तिला समजावलं, पण "चालेल का?" असं विचारलं नव्हतं. यापुढे विचारीन.

फिजिओ_नाशिक

गोधडीताईंच्या मुद्द्यावर, ज्यांना स्पर्श नको त्यांच्यासाठी: शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी शंभर वर्षांपूर्वी बसवलेली स्नायू आवळून सोडण्याची पद्धत. कुणी हात लावायचा नाही. उताणं पडायचं. उजव्या हाताची मूठ पाच-सात सेकंद आवळायची, मग एकदम सोडून अर्धा मिनिट तो सैलपणा नुसता बघायचा. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. शवासन शिकलेल्यांना लगेच जमतं. फरक इतकाच की सोडायच्या आधी मुद्दाम आवळायचं. ताणलेल्या माणसाला 'सैल सोड' म्हटलं तर नेमकं काय सोडायचं ते कळत नाही. आवळलं की कळतं.

आणि ज्यांना चालतं त्यांच्यासाठी, हात कसा फिरवायचा याचं थोडं शास्त्र. केस असलेल्या त्वचेत काही मंद मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर, साधारण ३ च्या वेगाने उबदार हात फिरला की ते सगळ्यात जास्त जागे होतात. त्याहून भरभर किंवा अगदीच रेंगाळत फिरवला की कमी. कोपरापासून मनगटापर्यंत पंचवीसेक सेंटिमीटर असतात, म्हणजे तेवढ्याला आठेक सेकंद. स्वतःच्या हातावर मोजून बघा. लेकराला निजवताना आई ज्या वेगाने पाठीवरून हात फिरवते, जवळजवळ तोच वेग निघेल. तळपायाला हे तंतू फारसे नसतात. तिथे गुण येतो तो दाबाचा आणि उबेचा.

चौथं_सेम

मोजून बघितलं. आठ सेकंद खूप मोठे वाटतात हो. मी दोन सेकंदांत पोचलो होतो.

बाकी आमच्या बिल्डिंगखाली एक मांजर आहे. पेपरच्या आधी अख्खी विंग तिला कुरवाळून जाते. हे यात धरायचं का?

शंकासुर

धरा की. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचा २०१९ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे, २४९ विद्यार्थ्यांवर. दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष कुरवाळणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा कमी निघालं. काही जणांनी नुसतं रांगेत उभं राहून बघितलं होतं, काहींनी फोटो बघितले होते. त्यांच्यापेक्षाही हात लावणाऱ्यांचं कमी.

बाप_यवतमाळचा

मी या संस्थळावर तीन वर्षं फक्त वाचतो. आज पहिल्यांदा लिहितो आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा पुण्यात शिकतो, शेवटचं वर्ष. दोन बॅकलॉग आहेत. फोनवर 'हं', 'बरं', 'ठेवतो' एवढंच. दिवाळीत आला तर चार दिवस खोलीतच होता. त्याची आई सहा वर्षांपूर्वी गेली. ती होती तोवर दर रविवारी त्याला तेल लावून न्हाऊ घालायची, तो दहावीत होता तरी. तिच्यानंतर त्याला कुणी तेल लावलेलं नाही, हे मला हा धागा वाचताना लक्षात आलं. मी त्याला फी पाठवली, मोबाइल घेऊन दिला, पण गेल्या सहा वर्षांत त्याच्या डोक्यावर हात ठेवलाय की नाही ते आठवत नाही.

बावीस वर्षांच्या मुलाच्या जवळ कसं जायचं? मला हे येत नाही.

तांबडीमाती

काका, जावा तुम्ही. फोनवर हे जमत नाही. काय बोलू, याचा विचार करत बसू नका, तेलाची बाटली घेऊन जावा. पोरगं नको म्हणालं तर बाटली तिथंच ठेवा आणि चहा प्यायला घेऊन जावा.

साधी_रेकी

काका, आणि तेल लावताना बॅकलॉगचा विषय काढू नका. एकदाही नाही. तो बोलला तर ऐका. जेवण-झोप कशी आहे तेवढं डोळ्यांनी बघून या, आणि १४४१६ हा नंबर तुमच्याही फोनमध्ये असू द्या.

दवबिंदू

समितीची बैठक झाली. शिबिर नाकारलं. समुपदेशकाबद्दल लेखी पत्र दिलंय, उत्तर यायचंय, मी पाठपुरावा करणार आहे.

तोवर आम्ही जे सुरू केलं ते सांगते. शनिवारी रात्री जेवणानंतर तासाभराने कॉमन रूममध्ये चटया टाकतो. तिळाचं तेल, सहा काशाच्या वाट्या (तीन मुलींनी घरून आणल्या), टेनिसबॉलचे दहा मोजे. ज्या मुलीला यायचंय ती येते. जोडी स्वतः निवडायची. हात लावण्याआधी "चालेल?" विचारायचं, आणि "नको" आलं तर का असं विचारायचं नाही. स्पर्श नको असणाऱ्यांसाठी एका कोपऱ्यात आवळून-सोडण्याचा व्यायाम, नर्सिंगची एक मुलगी सांगते. फोन बाहेर टोपलीत.

पहिल्या शनिवारी सात आल्या, दुसऱ्या शनिवारी एकवीस. एक सूचना, कुणी करणार असाल तर: जुने टॉवेल भरपूर ठेवा आणि उठण्याआधी तळवे नीट पुसा. पहिल्याच दिवशी एक मुलगी गुळगुळीत फरशीवर घसरता घसरता वाचली. आणि चादरीवर पडलेले तेलाचे डाग बेसन चोळून निघतात.

ती एम-थ्रीवाली आता धाकट्या मुलींना वाटी कशी धरायची ते दाखवते. काल मला म्हणाली, "काकू, आज तुम्ही बसा." मी पाय पुढे केला.

बाप_यवतमाळचा

पुण्याला जाऊन आलो. रात्रीच्या गाडीने गेलो, सकाळी पोचलो. त्याची खोली बघून पोटात कालवलं, पण काही बोललो नाही. आंघोळीच्या आधी म्हटलं, तेल आणलंय, पायाला लावू का? तो एकदम उठून उभा राहिला. "बाबा, तुम्ही माझे पाय नका धरू."

दवबिंदूताईंच्या त्या मुलीची आठवण झाली. मग म्हटलं, डोक्याला लावू? चालेल?

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग खुर्ची सोडून खाली फरशीवर माझ्या पायाशी येऊन बसला, पाठ माझ्याकडे करून. त्याची आई पलंगावर बसायची तेव्हा तो असाच बसायचा. हे मी विसरलो होतो, तो विसरला नव्हता.

मला चंपी वगैरे येत नाही. फिजिओताईंनी सांगितल्याप्रमाणे मनातल्या मनात आठ मोजत हात फिरवत राहिलो. साधारण वीस मिनिटांनी तो म्हणाला, "बाबा, जानेवारीपासून मी कॉलेजला जात नाहीये."

मी हात थांबवला नाही. परवा दोघं मिळून त्याच्या कॉलेजच्या समुपदेशकांना भेटलो. पुढची भेट सोमवारी आहे. मी यवतमाळची दुकानं भावावर सोपवली आहेत आणि तोवर इथेच थांबतो आहे.